टक्के पायाचे आणि टक्के कमाईचे

मी वायरमन आहे. घरांचं-दुकानांचं वायरिंग, पंखे, पाण्याच्या मोटारी. थोडक्यात, दिवसाचा निम्मा वेळ शिडीवर. २०२२च्या पावसाळ्यात सर्व्हिस रोडने उलट दिशेने आलेल्या एका कारने माझ्या स्कूटरला धडक दिली. उजव्या गुडघ्याखालचं हाड फुटलं, ऑपरेशन होऊन प्लेट बसली. त्यापुढची गोष्ट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातली. नुकसानभरपाई दुखण्याची मिळते असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सगळा खेळ कमाईचा असतो, म्हणून लिहितोय.

दवाखान्यात असतानाच कारमालकाकडची माणसं भेटायला आली. "दादा, पोलीस केस कशाला? खर्चाचं आम्ही बघतो ना." माझा मेहुणा शांतपणे म्हणाला, "खर्च द्यायचा तर द्या. जबाब मात्र नोंदवला जाणार." पुन्हा कोणी फिरकलं नाही. तो जबाब झाला नसता तर एफआयआर नाही, पंचनामा नाही, आणि मग विमा कंपनीने "आमची गाडी तिथे नव्हतीच" म्हणायला रान मोकळं.

घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल मिळाली तेव्हा मी तिच्यातला हाताने काढलेला नकाशा किती तरी वेळ बघत होतो. रस्त्याची डावी कड, तिला लागून माझी आडवी पडलेली स्कूटर, काचेचा चुरा आणि कारचं तोंड वाहतुकीच्या उलट दिशेला. चूक कोणाची, यावर पुढे कोर्टात फार वेळ गेलाच नाही. त्या कागदानेच काम केलं.

१ एप्रिल २०२२नंतरच्या अपघातांसाठी कायद्याने दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यामुळे प्लॅस्टर निघायच्या आधीच वकील गाठला. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला होता, पण अर्जदार जिथे राहतो तिथेही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६खाली अर्ज करता येतो. हे कळलं तेव्हा बायकोने हुश्श केलं. सामनेवाले दोन, कारमालक आणि त्याची विमा कंपनी. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो याचसाठी. पैसे शेवटी कंपनीकडून यायचे.

मग कागद. दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या हे सगळं सोपं. अवघड होतं ते कमाई सिद्ध करणं. पगाराची स्लिप नाही, आयकर विवरणपत्र नाही. मी वायरमन परवाना, बँकेचा उतारा, यूपीआयने आलेल्या रकमा जोडल्या आणि ज्याच्याकडे नेहमी काम करायचो त्या ठेकेदाराला साक्षीला आणलं. तो बिचारा कामं टाकून आला. आम्ही महिन्याला बावीस हजार म्हटलं होतं, न्यायाधिकरणाने पंधरा धरले. हातावर पोट असणाऱ्यांच्या बाबतीत हे असंच होतं, असं वकीलसाहेब म्हणाले. मला ते आजही पटलेलं नाही.

खरी लढाई झाली ती अपंगत्वाच्या टक्क्यांवर. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी गुडघ्याला कोनमापकासारखं एक साधन लावलं आणि पाय वाकवायला सांगितला. नव्वद अंशांच्या पुढे तो जाईना. दाखल्यावर आलं : उजव्या पायाचं ३६ टक्के कायमचं अपंगत्व. कंपनीचे वकील म्हणाले, पाय म्हणजे अख्खं शरीर नव्हे, शरीराच्या हिशेबाने हे बाराच टक्के. ऐकायला रास्तच वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केलंय की, बघायचं ते त्या माणसाचं काम आणि त्या कामातून बुडणारी कमाई. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा गुडघा आणि शिडी चढणाऱ्याचा गुडघा यांना एकच माप लागत नाही.

उलटतपासणीत पहिला प्रश्न आला, "आज कोर्टात कसे आलात?" म्हटलं, रिक्षाने. "जिना चढून वर आलात ना?" आलो, कठडा धरून. "म्हणजे चढता येतं." मी म्हटलं, "साहेब, शिडीला कठडा नसतो. आणि वर गेल्यावर दोन्ही हात वायरीत असतात." पुढचा प्रश्न हेल्मेटचा. हेल्मेट होतं, नसतं तरी पाय मोडण्याशी त्याचा काय संबंध, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, गप्प बसलो. दाखला देणारे डॉक्टरही साक्षीला आले आणि शिडीवर तोल सांभाळून काम करणं या माणसाला यापुढे धोक्याचं आहे, एवढं एक वाक्य बोलले. नुसता दाखला दाखल करून हे साधलं नसतं.

मध्ये लोकअदालतीत कंपनीने बारा टक्क्यांच्याच हिशेबाने आकडा पुढे केला. तिथे पैसे लवकर हातात येतात, पण त्या निवाड्यावर अपील नाही. आम्ही नको म्हटलं. घरात यावरून भांडण झालं, ते सोडा.

निकालात कमाईतलं नुकसान ३० टक्के धरलं. हिशेब असा : पंधरा हजारांचे वर्षाला १ लाख ८० हजार, वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून २ लाख ५२ हजार, वय ३८, त्या वयाला ठरलेला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा) १५, म्हणजे ३७ लाख ८० हजार. त्याचे तीस टक्के ११ लाख ३४ हजार. बारा टक्क्यांनी हेच ४ लाख ५३ हजार ६०० झाले असते. उपचारखर्च, बुडालेली मजुरी, वेदनांबद्दलची रक्कम वेगळी, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

उपचाराला तेव्हा आम्ही उसने पैसे काढले होते. मे २०२५पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. भरती करतानाच विचारावं.

कंपनीला उच्च न्यायालयात अपिलासाठी नव्वद दिवस होते. ती गेली नाही, पैसे न्यायाधिकरणात जमा केले. त्यातला काही भाग मुदत ठेवीत अडकवलाय. प्लेट काढायच्या ऑपरेशनचा अंदाजी खर्च डॉक्टरांकडून लिहून घेऊन आधीच मागितला होता, तोही मंजूर झालाय. पावसाळा संपला की ते उरकून घेणार आहे.