चिंचोक्याची खळ

लहानपणी मला वाटायचं, चिंचेचं झाड असतं ते चिंचोक्यांसाठी. गर आमटीत जातो तो आपला जाता जाता. आम्ही सनगर, म्हणजे घोंगड्या विणणारे. माणदेशातल्या आमच्या गल्लीत तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात माग होता, आणि घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, जी खळ लागते ती चिंचोक्यांची. उन्हाळ्यात गावातल्या बायका ओट्यावर चिंचा फोडत बसल्या की माझी आजी पायली घेऊन निघायची. टरफल, शिरा आणि चिंचोके एका बाजूला पडलेले असायचे. ज्यांना त्यांचा काही उपयोग नव्हता ते फुकट द्यायचे, काहीजणी थोडी लोकर मागून घ्यायच्या. आम्हा पोरांना झाडाखालचे चिंचोके वेचून आणले की मूठभर शेंगा मिळायच्या.

खळ करणं हे आजीचं काम, त्यात अण्णासुद्धा, म्हणजे माझे वडील, हात घालत नसत. ती लोखंडी कढईत वाळू तापवायची, त्यात चिंचोके भाजायची. तडतड आवाज कमी झाला की उतरवायची. भाजल्यावर वरची तपकिरी साल ठिसूळ होते, ती उखळात हलक्या हाताने कांडून आणि सुपात पाखडून काढायची. आतली पिवळसर पांढरी डाळ रात्रभर भिजत घालायची, सकाळी पाट्यावर वाटायची आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून शिजवायची. सारखं ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला लागते. सुरुवातीला ते ताकासारखं दिसतं, मग हळूहळू दाट आणि चकचकीत होतं. आजी दोन बोटांत थेंब घेऊन बोटं उघडायची आणि तार किती लांब जाते ते बघायची. तार मधेच तुटली तर अजून चूल.

मग गल्लीत ताणा पसरायचा. दोन्ही टोकांना खुंट, मधे काठ्यांचा आधार, आणि त्यावर दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचं हाताने कातलेलं सूत. अण्णा कुंचा खळीत बुडवून सुतावरून एका दिशेने ओढत न्यायचे, टोकाला गेले की परत पहिल्यापासून. लोकरीच्या सुताला सगळीकडून बारीक केस सुटलेले असतात. तसंच मागावर घातलं तर ते एकमेकांत अडकतात, फणीत घासतात आणि तटातट तुटतात. खळ ते केस सुताला चिकटवून बसवते. ऊन चढायच्या आत काम उरकायला लागायचं, आणि ताणा वाळेपर्यंत गल्लीतून बैलगाडी जायची नाही. कुणी तक्रार केलेली मला आठवत नाही, सगळ्यांच्याच घरी ताणा होता.

मी सहावीत असताना एका वर्षी चिंच फार कमी लागली. चिंचेचं असंच असतं, एका साली भरभरून येते आणि पुढच्या साली विश्रांती घेते. श्रावणात घरातले चिंचोके संपले आणि अण्णांनी दोन घोंगड्यांचा शब्द दिलेला होता. शेवटी आईने ज्वारीच्या पिठाची खळ केली. दिसायला तशीच दाट होती. ताणा छान ताठ वाळला. पण मागावर घेतला आणि तिसऱ्या दिवशी अण्णांच्या पायाखाली मागाच्या खड्ड्यात पांढरी पूड पडायला लागली. खळीचे पापुद्रे सुटत होते आणि सुताला पुन्हा केस फुटत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी किती गाठी मारल्या ते मी मोजत होते, चाळीसनंतर सोडून दिलं. आजी काही बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने दोन वर्षांचे चिंचोके भरून ठेवले.

त्या पांढऱ्या पुडीचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. मी वनस्पतिशास्त्र शिकले, आता एका महाविद्यालयात शिकवते. दर वर्षी शिंबी कुळ आलं की मी मुलांसमोर चिंचेची फांदी ठेवते. हरभरा, तूर, बाभूळ, पळस यांच्या कुळातलं हे झाड, पण बराच हट्टी नातेवाईक. शेंग आहे पण ती वाळल्यावर उकलत नाही. मुळांवर गाठी नाहीत, त्यामुळे भुईमुगासारखा हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधणं त्याच्याकडून होत नाही. फुलाला पाकळ्या पाच, त्यातल्या तीन नीट वाढलेल्या, पिवळ्या आणि लाल रेषांच्या, उरलेल्या दोन नुसत्या धाग्याएवढ्या. त्या दोन शोधायला मी भिंग देते आणि ज्याला सापडतात त्याचा चेहरा बघत राहते. चिंच या प्रजातीत एकच जाती आहे, तिला सख्खं भावंड नाही. लिनियसने १७५३ मध्ये तिचं नाव टॅमरिंडस इंडिका ठेवलं. टॅमरिंडस हे अरबी 'तमर हिंदी'वरून, म्हणजे हिंदचा खजूर. झाड मूळचं आफ्रिकेतलं, नावात मात्र दोनदा आपला देश. इतकी शतकं आपल्याकडे राहिल्यावर मला ते नाव खटकत नाही.

पानं संध्याकाळी मिटतात, गरात टार्टारिक आम्ल असतं म्हणून तांब्या-पितळेची भांडी उजळतात, लाकडाचा गाभा इतका टणक की घाण्याला, मुसळाला आणि खाटकाच्या ओंडक्याला चालतो. हे सगळं मी दहा मिनिटांत सांगून टाकते. मला घाई असते चिंचोक्याकडे जायची.

चिंचोका फोडला की आत जी डाळ दिसते ती दोन जाड बीजपत्रं. बऱ्याच बियांत अन्न पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या दाण्यांत साठवलेलं असतं. चिंच ते पेशींच्या भिंतींतच साठवते. भिंती जाड होत जातात, आणि त्या जाडीत असतो झायलोग्लुकन नावाचा पदार्थ. ग्लुकोजची लांब साखळी, तिला झायलोज आणि गॅलॅक्टोजच्या छोट्या फांद्या. या फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत, गरम पाण्यात मोकळ्या होतात, पाणी धरतात आणि वाळल्यावर लवचीक पातळ पापुद्रा बनवतात. स्टार्चचा पापुद्रा त्यामानाने ठिसूळ. सूत वाकलं की तो तडकतो. अण्णांच्या खड्ड्यातली पांढरी पूड ती हीच. पुस्तकात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात बराच वेळ नुसती बसून राहिले. रोप उगवताना दोन्ही बीजपत्रं जमिनीच्या वर येतात आणि रोप त्या भिंती विरघळवून वाढतं. आजी ज्याच्या खळीने घोंगडी विणायला मदत करत होती, ते त्या रोपाचं पहिल्या काही दिवसांचं जेवण होतं.

१९४० च्या दशकात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत चिंचोक्याच्या पिठावर काम झालं आणि ते कापड व तागाच्या गिरण्यांत कांजीसाठी वापरलं जाऊ लागलं. आज तोच पदार्थ शुद्ध करून जपानमध्ये खाण्याच्या पदार्थांना दाटपणा आणायला वापरतात, कोरड्या डोळ्यांत घालायच्या काही थेंबांतही तो असतो. मुलांना हे सांगताना मी गिरणीच्या आधी सनगराचा माग सांगते. क्रम तसाच आहे.

प्रात्यक्षिकात एक गंमत होते. चिंचोक्याच्या कापावर आयोडीन टाकलं की निळसर रंग येतो आणि सगळी मुलं वहीत 'स्टार्च' लिहून मोकळी होतात. १८३९ मध्ये श्लायडन आणि फोगेल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनीही असाच निळा रंग पाहिला होता. स्टार्चसारखा दिसतो पण स्टार्च नाही, म्हणून त्यांनी त्याला 'अमायलॉइड' म्हटलं. मी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाणे शोधायला लावते. दाणे सापडत नाहीत, निळ्या भिंती दिसतात.

गेल्या दिवाळीत गावी जाताना आयोडीनची बाटली घेऊन गेले. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही नीट दिसत नाही. माग आहे, त्यावर कुणी बसत नाही. मी आजीच्या पद्धतीने वाटीभर चिंचोक्यांची खळ केली आणि शेजारच्या वाटीत ज्वारीच्या पिठाची. दोन्हींत थेंब टाकला. ज्वारीची गडद निळी झाली, चिंचोक्यांची फिकट, हिरवट झाक असलेली. मी त्यांना सांगत होते की हे बघा, दोन्ही निळ्या, औषधाला फारसा फरक कळत नाही. ते म्हणाले, "मला कुठं दिसतंय बाई. हिकडं आण."

आयोडीन न घातलेली खळ मी त्यांच्या हातावर दिली, कुठली कुठली ते न सांगता. त्यांनी पहिली अंगठा आणि तर्जनीत घेतली, चोळली, बोटं हळूच उघडली. दुसऱ्या हाताची बोटं धोतराला पुसून दुसरी घेतली. ती जरा जास्त वेळ चोळली. बोटं लांब केली, पुन्हा जवळ आणली, पुन्हा लांब केली.

"ही तुटतीय," पहिल्या वाटीकडे मान करून ते म्हणाले. "ही आईची हाय. जरा पाणी कमी पडलंय तुझ्याकडनं."