स्थळाच्या फोटोपासून ग्लॅमर पोर्ट्रेटपर्यंत, माझा अनुभव

बऱ्याच मुली विचारतात की ताई तू पोर्टफोलिओ (म्हणजे काम मागताना दाखवायचा फोटोंचा संच) काढणारी फोटोग्राफर कशी झालीस, कोर्स कुठला केलास, कॅमेरा कुठला घेऊ. दरवेळी घाईघाईत दोन ओळी सांगते आणि मग वाटत राहतं की खरं ते सांगितलंच नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहितेय, जरा मोठं होईल.

मी साताऱ्याची. आईचं राजवाड्याजवळ छोटं पार्लर आहे, पुढे दोन खुर्च्या आणि मागे एक खोली. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि आईच्या बाजूच्या स्टुलावर बसायचं, ती थ्रेडिंग करतेय, मी बघतेय, असं माझं लहानपण. चेहरा बघायला मी तिथे शिकले, कॅमेरा फार नंतर आला. आई म्हणायची, कुणाचाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो गं, एक बाजू बोलकी असते आणि एक गप्प. आजही क्लायंट समोर बसली की मी आधी पाच मिनिटं नुसत्या गप्पा मारते आणि बोलकी बाजू कुठली ते बघते.

बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असताना, म्हणजे २०११ ला, गावातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागले, महिना ३,००० रुपये. पासपोर्टचे फोटो आणि स्थळाचे फोटो, मुख्य धंदा हाच. स्थळाचा फोटो म्हणजे साडी, मोकळे किंवा एका खांद्यावर घेतलेले केस, मागे निळा पडदा आणि दोन बाजूंना लाइटच्या दोन छत्र्या, दोन्हीचा पॉवर सारखा. त्यामुळे चेहऱ्यावर कुठेच सावली नाही, नाक सपाट, गाल सपाट, सगळ्या मुली एकसारख्या. आणि मग कॉम्प्युटरवर एक ॲक्शन सेव्ह करून ठेवलेली, एक बटण दाबलं की चेहरा दोन-तीन शेड उजळ. स्टुडिओवाले काका वाईट नव्हते हो, गिऱ्हाईकच सांगायचं, जरा उजळ करा, मुलाकडचे फोटो बघून ठरवतात.

एक मुलगी आली होती, एमएस्सी झालेली, सावळी, जबड्याची रेघ इतकी सुंदर की मी बघतच राहिले. फोटो मी काढला आणि बटणही मीच दाबलं. चार महिन्यांनी ती आईकडे फेशियलला आली. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या, तोंडावर पॅक, आणि तशीच पडल्या पडल्या सांगत होती की बघायला आले, पोहे झाले, आणि मुलाच्या आत्याने फोटो हातात धरून सगळ्यांसमोर विचारलं, हा फोटो दुसऱ्या कुणाचा आहे का? हे ती रडत नव्हती सांगताना, अगदी साध्या आवाजात सांगत होती. मी तिथेच स्टुलावर बसले होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही की ते मी केलंय. पुढच्या महिन्यात मी स्टुडिओतली नोकरी सोडली. पुढे जे काही केलं त्याच्या मुळाशी ती दुपार आहे.

पार्लरमध्ये जुनी सिनेमासिकं पडलेली असायची, त्यात गौतम राजाध्यक्षांचे फोटो असायचे. मुंबईचा मराठी माणूस, लिंटाससारख्या जाहिरात कंपनीत काम करता करता १९८० च्या सुमारास नटनट्यांचे पोर्ट्रेट काढायला लागला आणि पुढची तीस वर्षं हिंदी-मराठी सिनेमातले चेहरे लोकांनी त्यांच्या नजरेतून बघितले. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले तेव्हा पेपरात त्यांचे फोटो पुन्हा छापून आले आणि मी ते कापून मागच्या खोलीच्या भिंतीला लावले. त्यांच्या फोटोत बाई देखणी दिसते आणि तरी ती तीच असते. मग नेटवर शोधता शोधता जॉर्ज हरेल सापडला, १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये एमजीएमसाठी स्टार लोकांचे फोटो काढणारा. ग्लॅमर पोर्ट्रेट आपण ज्याला म्हणतो ते घडवण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. आठ बाय दहा इंचाची निगेटिव्ह, एक कडक लाइट वरून, आणि गालाच्या हाडाखाली सावली. बघून कळलं की सावली शत्रू नाहीये, आणि आमच्या स्टुडिओत आम्ही नेमकी तीच मारत होतो.

मग मागच्या खोलीत प्रयोग सुरू झाले. खोलीला उत्तरेची खिडकी आहे, म्हणजे थेट ऊन येत नाही, दिवसभर मऊ उजेड. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल, सावली फार काळी झाली की थर्माकोल जवळ, फार फिकी झाली की लांब. कॅमेरा मावसभावाचा. मॉडेल म्हणजे आईची गिऱ्हाइकं, फेशियल झालं की दहा मिनिटं मागे या म्हणायचं.

२०१४ ला मुंबईत आले. अंधेरीत पीजी, एका खोलीत चार जणी, भाडं ७,००० आणि असिस्टंट म्हणून दिवसाचे ५००, तेही रोज काम असेल तर. इथे एक स्पष्ट सांगते, कोर्स चांगलाच असतो, पैसे असतील तर करा, पण या लाइनमध्ये हात तयार होतो तो असिस्ट करूनच. मी अडीच वर्षं केलं. सी-स्टँड (लाइटचं सामान अडकवायचा लोखंडी स्टँड) उचलणं, त्यावर वाळूची पिशवी टाकणं, स्किमर (उजेड मऊ करणारी कापडाची चौकट) धरणं, कटर (उजेड अडवणारा काळा पडदा) लावणं, लाइटमन दादांना चहा देता देता विचारणं की हा लाइट इथेच का ठेवला. त्यांच्याएवढं लाइटचं ज्ञान मला कुठल्याच व्हिडिओतून मिळालं नाही. एका दादांनी शिकवलेलं आजही रोज वापरते: लाइट दोन फुटांवरून चार फुटांवर नेला तर उजेड अर्धा नाही होत, पाव होतो. म्हणून लाइट चेहऱ्याच्या अगदी जवळ ठेवला की गाल उजळ, कान थोडा अंधारात, मागची भिंत जवळजवळ काळी, आणि तोच लाइट लांब नेला की चेहरा, कान, भिंत सगळं एका पातळीवर. मूड ठरतो तो इथे, महाग लेन्समुळे नाही.

वाईट अनुभवही आले. एका मोठ्या फोटोग्राफरने तीन महिन्यांचे पैसे दिलेच नाहीत, फोन उचलणं बंद. तेव्हा घरी सांगितलंसुद्धा नाही, पीजीच्या काकूंनी महिनाभर भाड्याला थांबून घेतलं, त्यांचे उपकार आहेत.

२०१६ च्या शेवटी बोरा बाजारातून सेकंड हँड निकॉन डी७५० घेतला, ८५ एमएमची एफ १.८ लेन्स आणि एक फ्लॅश, एक मोठा ऑक्टा सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारी आठ कोनी कापडी पेटी. बस. पहिले पोर्टफोलिओ ४,००० रुपयात केले, त्यातले १,५०० मेकअप आर्टिस्टला आणि तासाच्या हिशोबाने स्टुडिओ भाडं गेलं की हातात फार काही उरायचं नाही. क्लायंट म्हणजे वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये ऑडिशनला फिरणारी मुलं-मुली, त्यात मराठी बरीच, लातूर, नांदेड, कोल्हापूरहून आलेली, आणि एकाने दुसऱ्याला सांगायचं, असं काम वाढलं.

आणि तिथेही मी तीच चूक केली, वेगळ्या रूपात. लातूरच्या एका मुलाच्या गालावर पिंपल्सचे खड्डे होते, त्याने सांगितलं काढून टाक, मी रात्रभर बसून इतके गुळगुळीत केले की त्वचा प्लास्टिकची. फोटोवरून त्याला बोलावलं गेलं, आणि आत गेल्यावर विचारलं की फोटोतला मुलगा कुठाय. पुन्हा तेच वाक्य! तो मला फोनवर सांगत होता आणि मला आईच्या पार्लरमधली ती खुर्ची दिसत होती. त्याचं पूर्ण शूट मी परत केलं, पैसे न घेता. त्या दिवसापासून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे, आधी चार साधे फोटो, मेकअप नाही, रिटच (कॉम्प्युटरवरची सफाई) नाही, समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि पूर्ण उभा. कास्टिंगवाल्यांना, म्हणजे भूमिकेसाठी माणसं निवडणाऱ्यांना, पहिल्यांदा तेच लागतं. ग्लॅमरचे लुक त्यानंतर. रिटचिंगचा माझा नियम असा की जे पंधरा दिवसात आपोआप जाईल ते काढायचं, फोड, ओरखडा, उडालेला केस. जे कायमचं आहे ते ठेवायचं, तीळ, व्रण, खळी, आणि रंग तर हातच लावायचा नाही.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण हे कुणी नीट शिकवत नाही. कॅमेऱ्यातला मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो आणि सगळं मधल्या करड्या टोनला आणायला बघतो. म्हणजे सावळा चेहरा फ्रेमभर असला की तो एक्सपोजर वाढवतो आणि चेहरा राखेसारखा फिका होतो, अगदी गोरा असला की उलट. हातातला लाइट मीटर मात्र चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजतो, त्वचा कुठली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी हनुवटीखाली मीटर धरते, तो एफ ८ म्हणाला की कॅमेऱ्यातही एफ ८ (लेन्स किती उघडायची तो आकडा), विषय संपला. मग सावळ्या चेहऱ्यावर काम करतं ते लाइटचं चमकणं. मोठा सॉफ्टबॉक्स बाजूला आणि थोडा मागे घेतला की गालाचं हाड, नाकाची कड, खांदा यावर एक लांब चमक येते आणि चेहऱ्याला आकार येतो, रंग जसाच्या तसा राहून. मागे खणाच्या चोळीसारखा गडद मरून किंवा हिरवा पडदा, आणि केसांच्या कडेला मागून एक छोटा लाइट. असा फोटो पहिल्यांदा स्क्रीनवर बघताना मुली गप्प होतात. कितीतरी जणींनी विचारलंय, मी अशी दिसते? हो बाई, अशीच दिसतेस.

इथे आईचं ज्ञान कामाला आलं. फाउंडेशन गालावर लावून बघायचं नाही, जबड्यावरून मानेपर्यंत ओढून बघायचं, नाहीतर चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या. आणि झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं सनस्क्रीन लावून कुणी आलं की समोरून फ्लॅश मारल्यावर चेहरा पांढराफट येतो, तर शूटच्या आदल्या दिवशी मेसेजमध्येच लिहिते की सनस्क्रीन नको, आणि टिपकागद सोबत ठेवते, पावडरीचे थर चढवत नाही.

आता एक असं जे लिहायला लाज वाटते पण लिहिते. २०१८ ला एका मुलीबरोबर फुकट शूट केलं, तिला फोटो, मला पोर्टफोलिओ. मेकअप आर्टिस्टने फोटो मागितले, मी पाठवले, विचारलंच नाही कुणाला. दोन महिन्यांनी त्या मुलीचा चेहरा एका ब्युटी पार्लरच्या बोर्डवर. तिच्या वडिलांचा फोन आला, ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की बाळा, तुझ्या भरवशावर पाठवली होती. बोर्ड उतरवून घेतला, माफी मागितली. त्यानंतर वकिलांना भेटले तेव्हा समजलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन कुणी स्वतःचा फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइटची पहिली मालक ती व्यक्ती असते, फोटोग्राफर नाही. फुकट शूटमध्ये तसं नसतं, पण म्हणून चेहरा माझा होत नाही ना. आता प्रत्येक शूटच्या आधी एक पानी मराठी कागद, फोटो कुठे जाणार, इन्स्टावर टाकू का, मेकअप आर्टिस्टला देऊ का, प्रत्येकापुढे हो-नाही, आणि सही. मुलगी एकटी आली तर सांगते मैत्रिणीला किंवा आईला घेऊन ये, खुर्ची आहे, चहा आहे. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे की नाही हे स्टुडिओ बुक करतानाच बघते.

पैशाचं पटकन: गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंदणी) काढा, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होतं ते करा, सर्व्हिसमध्ये वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो, निम्मे पैसे आधी घ्या. माझा पोर्टफोलिओ आता १८,००० ला आहे, तिथपर्यंत यायला सात वर्षं लागली. लॉकडाउनमध्ये सगळं बंद होतं तेव्हा काही महिने आईनेच पैसे पाठवले.

सध्या निम्म्या क्लायंट सिनेमातल्या नाहीतच. मागच्या वर्षी एक ताई आल्या, पोलीस कॉन्स्टेबल, ४४ वर्षांच्या, म्हणाल्या मॅडम, माझे फोटो आहेत ते आयकार्डवर आणि ग्रुपमध्ये मागच्या ओळीत, एक माझा माझ्यासाठी हवाय. पैठणी आणली होती, पण शेवटी त्यांना आवडला तो घरून घालून आलेल्या कॉटनच्या कुर्त्यातला, केस सोडताना मध्येच काढलेला. डोळ्यांखालचं काळं काढू का विचारलं तर म्हणाल्या, राहू दे, नाइट ड्युटीचं आहे, कमावलेलं आहे. बारा बाय अठराची प्रिंट घेऊन गेल्या.

पुढच्या महिन्यात दोन दिवस साताऱ्याला जातेय. आईच्या मागच्या खोलीत स्थळाचे फोटो काढणार आहे, १,५०० रुपये, बारा जणींनी नावं दिलीत. सकाळी नऊ ते एक, खिडकीच्या उजेडात. निळा पडदा नाही, ते बटण नाही. थर्माकोल पोवई नाक्यावर मिळेल, खिडकीची जाळी तेवढी आईला आधी धुवून ठेवायला सांगितलीय.