मानस म्हणजे मन नव्हे

विषय होता ‘पाणी’. तालुक्यातल्या लिहिणाऱ्यांचा एक कथासंग्रह निघणार होता, त्यासाठी ही स्पर्धा. दीड हजार शब्द, कथा अप्रकाशित हवी, टंकन युनिकोडमध्ये, कथेवर नाव नको. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर.

पाणी म्हटल्यावर गोव्यात कुणालाही सुचेल तेच मला सुचलं : कुर्डी. साळावली धरणाखाली गेलेलं, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती वर येतात आणि उठून गेलेली माणसं सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. दोन रविवार घालवून सातशे शब्द लिहिले. वाचून बघितले, तर नुसता गळा काढलेला. माझं तिथे काहीच बुडालं नव्हतं. शिवाय आलेल्या कथांपैकी निम्म्या कुर्डीच्याच असणार, हा हिशेबही मनात होता. खोटं कशाला सांगू!

मग माझ्या माहेरी, बोरीला, बाबांकडे जाऊन बसले. जुवारी नदीच्या काठची आमची खाजन शेती, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेली, लहानपणापासून बघत आले, पण मानस कशी चालते हे कधी विचारलंच नव्हतं. बांधात बसवलेली लाकडी दारं. वरून टांगलेली. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तशी आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायला नको. खारं पाणी आत शिरलं तर भात गेलंच. कोरगुट जातीचं भात तेवढं थोडंफार खारं सोसतं. मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, त्या पावणीवरून दोन भावांचं बोलणं तुटलं, हेही बाबांनी सांगितलं. कथा तिथेच मिळाली.

लिहायला तीन आठवडे गेले. पहिला खर्डा बावीसशे शब्दांचा झाला. कापताना पहिल्यांदा निसर्गवर्णन गेलं, त्याचं काही वाटलं नाही. धाकट्या भावाची बायको काढावी लागली, तिची मात्र अजून चुटपुट आहे. मोबाइलवर टंकताना ‘ऱ्य’ नीट उमटेना, म्हणून ‘खाऱ्या’ टाळून सगळीकडे ‘खारट’ केलं. कथेची भाषा अशीही ठरते!

शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला मेल पाठवला. नंतर लक्षात आलं, फाइलच्या नावातच माझं नाव होतं. दुसऱ्या दिवशी फोन करून गयावया केली. पलीकडच्या बाई भल्या होत्या, त्यांनी फाइलचं नाव बदलून घेतलं.

बक्षीस नाही मिळालं. पण कथा संग्रहात घेतली आणि मुद्रितं तपासायला आली. माझ्या ‘मानशीचं दार’चं कुणीतरी ‘मनाचं दार’ करून ठेवलं होतं! सगळीकडे. भरती आली की थोरल्या भावाच्या मनाचं दार मिटायचं. वाचायला तसं वाईट नव्हतं, एका परीक्षकांना ते रूपक म्हणून आवडलंही असतं. मी अकरा ठिकाणी दुरुस्ती केली आणि संपादकांना सरळ फोन लावला. ते म्हणाले, “तळटीप देऊ या.” मी नको म्हटलं. पहिल्याच परिच्छेदात धाकटा दाराला डांबर फासतोय असं एक वाक्य घातलं, म्हणजे दार लाकडाचंच आहे हे कळेल.

प्रत हातात आली तशी बोरीला नेली. छापून येईपर्यंत बाबांना कथा दाखवली नव्हती, भावांची गोष्ट ओळखतील म्हणून. त्यांनी सोप्यावर बसून, चष्मा पुसून, सावकाश वाचली. भावांबद्दल चकार शब्द नाही. शेवटच्या पानावर, जिथे गोकुळाष्टमीच्या रात्री उधाणाने बांध फुटतो, तिथे बोट ठेवलं.

“अष्टमीक उदाण खंय येता गो?”

उधाण अमावास्येला, पौर्णिमेला. अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढणारी भरती असते, पाणी बांधाच्या पायाशीच खेळतं. मला देवळातलं भजन आणि फुटलेला बांध एकाच रात्री हवे होते, म्हणून मी अष्टमी घातली होती. मुद्रितं तीनदा तपासली होती.