सईचा फुगा, कानाची क्लिप आणि बाईंचा तक्ता

लक्ष टिकत नाही अशा मुलांसाठी बायोफीडबॅकचे खेळ असतात, हे मला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. घरी येऊन शोधलं, तर मराठीत पालकांनी लिहिलेलं काही हाती लागेना. म्हणून जे केलं, जे बघितलं ते सविस्तर लिहिते.

माझी मुलगी सई तेव्हा चौथीत होती. दंगा अजिबात नाही, त्यामुळे तक्रारही नाही. वर्गात खिडकीकडे बघत बसायची, फळ्यावरचं अर्धंच उतरवायची, कंपास शाळेत विसरून यायची. गणितात रीत बरोबर, पण वजाबाकीचं चिन्ह तिने बघितलेलंच नसायचं. संध्याकाळी गृहपाठाला बसली की पाचव्या मिनिटाला डोळे भरून यायचे आणि मग वही फेकली जायची. नातेवाइकांनी बदाम सुचवले, ब्राह्मी सुचवली, ट्यूशन बदलायला सांगितलं. खुर्चीवर उभी राहणारी, धावणारी मुलं लोकांच्या डोळ्यांत भरतात. नुसतं लक्ष हरवणारी मुलं, त्यातही मुली, वर्षानुवर्षं तशाच राहून जातात. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं आणि मला बरं वाटलं, कारण तोवर सगळे तिला आळशीच म्हणत होते.

निदानाला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची ही अडचण, रक्तातून किंवा स्कॅनमधून कळत नाही. आधी बालरोगतज्ज्ञांनी डोळे, कान, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघितलं. ती झोपेत घोरते का, हेही विचारलं, कारण झोप नीट नसली तरी दिवसा लक्ष लागत नाही. मग प्रश्नावल्या आल्या, एक आम्हाला आणि एक शाळेतल्या बाईंना. नऊ लक्षणांपैकी किमान सहा, निदान सहा महिने, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत, असा निकष आहे. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे का, तेही वेगळं तपासलं. ती निघाली नाही.

उपचारांत आई-वडिलांचं समुपदेशन, वर्गातले बदल आणि गरज पडली तर औषध, हा पाया असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. खेळाचा विषय मीच काढला, कारण डॉक्टरांच्या केंद्राच्या भिंतीवर त्याचा फोटो होता.

बायोफीडबॅक म्हणजे शरीरात आत चाललेलं काहीतरी मोजायचं आणि ते मोजमाप त्याच क्षणी माणसाला दाखवायचं. खेळात त्या मोजमापावर गाडी पळते, फुगा वर चढतो. मेंदूच्या लहरींवर चालतो तो न्यूरोफीडबॅक. डोक्यावर पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवतात, संगणक संथ थीटा लहरी (सेकंदाला साधारण ४ ते ८) आणि जलद बीटा लहरी वेगळ्या काढतो, आणि थीटा घटून बीटा वाढला की पडद्यावरचं रॉकेट पुढे जातं. या कल्पनेचा एक धागा नासापर्यंत जातो. तिथल्या लँग्ली केंद्रात ॲलन पोप हे शास्त्रज्ञ विमान चालवताना वैमानिकाचं लक्ष किती गुंतलेलं आहे, ते मेंदूच्या लहरींवरून मोजत होते. त्यातूनच लक्ष ढळलं की व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मंदावेल, अशी रचना पुढे आली.

सईला हा खेळ एकदा करून बघायला दिला. रॉकेट पुढे जावं म्हणून ती दात आवळून बसली आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली. थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, ''बाळा, जबडा सैल सोड. स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते, ती सगळं झाकून टाकते.'' सईला हे फार आवडलं. आपल्या डोक्यात वीज आहे, हे तिने त्या रात्री आजोबांना किमान दहा वेळा सांगितलं असेल.

मग खर्चाची गोष्ट निघाली, आणि डॉक्टर आमच्याशी ज्या मोकळेपणाने बोलले त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. न्यूरोफीडबॅकवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. मुलावर उपचार चालू आहेत हे ज्यांना माहीत होतं, म्हणजे बहुधा पालकांना, त्यांना सुधारणा दिसत होती. ज्यांना बहुधा माहीत नव्हतं, त्यांच्या नोंदींत ती फारशी उरत नव्हती. २०२१ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ७ ते १० वर्षांची १४४ मुलं होती. काहींना खरा फीडबॅक दिला, काहींना दिसायला हुबेहूब तसाच पण बनावट. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, मात्र खऱ्या गटातली बनावट गटातल्यांपेक्षा जास्त सुधारली नाहीत. रोज कुणीतरी मुलाजवळ बसतं, कौतुक करतं, ठरलेल्या वेळी एक काम पूर्ण करून घेतं; डॉक्टरांच्या मते फायदा यातूनही होत असणार.

दुसऱ्या एका केंद्रात आम्हाला सगळ्या सत्रांचे पैसे एकदम भरायला सांगितलं होतं आणि ''औषध लागणारच नाही'' अशी खात्री दिली होती. १४४ मुलांची ती गोष्ट ऐकल्यावर तिथे परत जायचा प्रश्न राहिला नाही.

आम्ही नाडीवर चालणारा खेळ निवडला. कानाच्या पाळीला छोटी क्लिप लागते. तिच्यातला प्रकाश पाळीतून जातो, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो किंचित बदलतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर कळतं. श्वास आत घेताना ठोके थोडे जलद होतात, सोडताना संथ. मोठ्या माणसाने मिनिटाला सुमारे सहा श्वास घेतले की या चढउताराची छान मोठी, गुळगुळीत लाट दिसते. मुलांचा वेग थोडा जास्त असतो. सईच्या खेळात लाट गुळगुळीत झाली की फुगा डोंगरावरून पलीकडे जायचा. घाई केली, श्वास अडखळला, की फुगा खाली. केंद्रात शिकून झाल्यावर क्लिप घरी आणली. रोज गृहपाठाच्या आधी थोडा वेळ, बस.

आमचे आबा तरुणपणी गंगावेश तालमीत जायचे. ते शेजारी खुर्ची ओढून बसायचे. ''आमचे वस्ताद ह्येच सांगायचे की गं. दम सुटला की डाव बी सुटला.'' मग त्यांनाही क्लिप हवी झाली. नात आणि आजोबा आळीपाळीने फुगा उडवत असताना सईला आपण 'ट्रीटमेंट' घेतोय असं एकदाही वाटलं नाही, आणि हे आबांचं काम इतर कुणाला जमलं नसतं.

एक गोष्ट मी ठरवून केली. बाईंना निदान माहीत होतं, पण खेळाबद्दल आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारूनच हे केलं. चाचण्यांबद्दल ऐकल्यावर मला माझ्याच डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नव्हता. प्रश्नावली मी घरी भरत होते आणि बाई शाळेत.

शाळेच्या सत्राच्या शेवटी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. माझ्या तक्त्यात बरंच काही सुधारलेलं. बाईंच्या तक्त्यात अपुरं काम, विसरणं, चुका जवळपास तशाच. पण 'अडलं की रडते, काम सोडून देते' या ओळीत मात्र स्पष्ट फरक होता. त्यांनी खाली हाताने लिहिलं होतं, ''आता अडल्यावर डोळे मिटून थांबते, मग विचारते.'' तो कागद मी जपून ठेवला आहे. खेळाने सईला काय दिलं ते त्या ओळीत आहे. छातीत धडधडायला लागलं की आता रडू येणार, हे तिला आधी कळायला लागलं, आणि त्यावर करता येण्यासारखं काहीतरी तिच्याकडे आलं. फळ्यावरचं पूर्ण उतरवणं त्याने आलं नाही.

म्हणून पुढची पायरी घेतली. वर्गात पहिला बाक, एकावेळी दोनच सूचना, लांब गणितांचे तुकडे. आणि लक्ष टिकायला मदत करणाऱ्या मिथाइलफेनिडेट या औषधाची छोटी मात्रा. हे औषध कडक नियंत्रणाखाली मिळतं, दर वेळी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. औषधाला घरात विरोध झाला. सईचे बाबा दोन्ही तक्ते घेऊन मोठ्या जाऊबाईंसमोर बसले आणि ओळ न् ओळ समजावून सांगितली, तेव्हा विषय मिटला. फळ्यावरचं पूर्ण उतरवलेली वही त्यानंतरच्या महिन्यात दिसायला लागली. दुपारची भूक मात्र मेली, डबा भरलेला परत यायचा. आता सकाळी शाळेआधी पोटभर भाकरी-अंडं आणि रात्री सावकाश जेवण, असं बसवलं आहे. पांढरा रस्सा असेल त्या दिवशी प्रश्नच नाही. वजन आणि उंची दर भेटीला मोजतात.

केंद्र बघायला जाणार असाल तर निदान कोणी केलं, शाळेची माहिती घेणार का, काय सुधारलं तर खेळ चालू ठेवायचा आणि कशावरून थांबवायचा, हे विचारा. पैसे टप्प्याटप्प्याने घेणार का, तेही.

क्लिप हल्ली बऱ्याचदा कपाटात असते. सई दोन बोटं मनगटावर ठेवून तेच करते; रंकाळ्यावर फिरायला गेलं की आबांची नाडीही बघून देते. पाचवीला नव्या बाई आल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर औषधाचा आढावा आहे, त्याआधी प्रश्नावली त्यांच्याकडून भरून घ्यायची आहे.