नाना अजून संपावर आहेत

रविवार, रात्री साडेअकरा

भाचीचा सकाळीच मेसेज. "मामा, 'लालबाग परळ' बघण्यासारखा आहे का? फार रक्तपात आहे म्हणतात." "बघ" एवढं लिहून मोकळा होणार होतो, पण हात अडखळला. २०१० साली भारतमाता टॉकीजला पाहिला होता. तेव्हाचं काय आठवतंय म्हणाल तर गोळ्या, शिव्या आणि सिद्धार्थ जाधवने केलेला स्पीडब्रेकर. एवढ्या भांडवलावर पोरीला काय सांगणार? दुपारी जेवणं झाल्यावर पुन्हा लावला.

नाना, म्हणजे माझे वडील, पलंगावर पेपर घेऊन बसले होते. "काय रे लावतोस?" सांगितलं. चष्मा पुसला आणि म्हणाले, "लाव. आवाज जरा मोठा ठेव."

नाना कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप मिटल्याचं रीतसर कधी कुणी जाहीर केलं नाही. म्हणून नाना आजही कुणी विचारलं की सांगतात, "मी अजून संपावर आहे." घरातले आता हसतही नाहीत या विनोदाला.

सिनेमा सुरू झाला आणि गंमत अशी, की मी ज्याला क्राइम ड्रामा समजून बसलो होतो त्यात नानांना क्राइम दिसतच नव्हता. पिस्तूल निघालं की ते पेपर उचलायचे. आईच्या भूमिकेतली सीमा बिस्वास आली की पेपर खाली. एकदा तर मला थांबवायला लावलं. "पगार बंद झाला की घरातून पहिलं काय जातं, ठाऊक आहे? दूध. रेडिओ नाही, घड्याळ नाही. ते नंतर." मला कोरा चहा आठवतो, पण आमच्याकडे तोच आवडतो अशी माझी समजूत होती. आई तेव्हा पहाटे चारला उठून बारा डब्यांच्या पोळ्या लाटायची. स्टोव्हच्या पिनेने बर्नर साफ करायचं काम माझं. पिन आत तुटली की धपाटा.

हा सिनेमा जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून महेश मांजरेकरांनी केला. नाटक चाळीतल्या एका खोलीत घडतं. सिनेमा गल्लीत उतरला आणि त्याचा आवाज चढला. प्रत्येक दुःखाखाली पार्श्वसंगीत कशाला वाजवायचं? नानांचंही तेच. "आमच्याकडे तेव्हा कोणी बोलत नव्हतं रे." धुरींच्या घरातला नरू ज्या झपाट्याने भाई होतो, तेही मला पटलं नाही. आमच्या समोरच्या गाळ्यातल्या पोराला त्या रस्त्याला लागायला पाच-सहा वर्षं लागली. आधी मटक्याच्या चिठ्ठ्या पोचवल्या, मग कुणाच्या तरी मागे उभा राहू लागला, मग एका गणपतीत त्याच्या पायात पांढरेशुभ्र बूट दिसले. त्याच्या आईने ते बूट दारात ठेवू दिले नाहीत. आतही घेतले नाहीत. रात्रभर जिन्यात होते.

भाईगिरीचा सिनेमा म्हणून तोलायचं तर 'सत्या' कितीतरी उजवा, यात वाद नको. पण सत्या मुंबईत उतरतो तो कुठून, हे तो सिनेमा विचारतच नाही, आणि भिकू म्हात्रे आपल्याला भेटतो तो तयार भाई म्हणूनच. मनोज वाजपेयीकडे बघताना तेव्हा मलाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं. 'लालबाग परळ' वेडावाकडा, भडक, पण पोरांच्या हाती पिस्तूल येण्याआधी बापाच्या हातातून काय गेलं, ते सांगतो. आणि मालकाचा डोळा कापडावर नसून जमिनीवर आहे हेही दाखवतो. लोअर परळला फिनिक्स गिरणीची चिमणी मॉलच्या मधोमध उभी बघितली की सिनेमातलं ते काही अतिशयोक्त वाटत नाही.

तर भाचीला काय लिहू? बघ, पण गोळीबारासाठी बघणार असशील तर राहू दे. मोबाइलवर जेवताना तर नकोच. शिव्यांचा त्रास होईल, पहिली पंधरा मिनिटं. इथे येऊन बघितलास तर उत्तम, कारण आमच्याकडे सिनेमा मध्येमध्ये थांबतो आणि जे सिनेमात नाही ते कळतं.

पाऊण सिनेमा झाला तेव्हा नाना उठले. मला वाटलं बाथरूमला. कपाटावरची प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात म्हाडाच्या घराच्या अर्जाच्या झेरॉक्स, आणि खाली गिरणीचा पास, कडा झिजलेला, फोटोतले नाना माझ्याहून लहान. पास माझ्या हातात दिला, परत घेतला, पिशवीला रबर लावला.

"उरलेला उद्या बघू," म्हणाले. "सकाळी नको. सकाळी दूधवाला येतो."

मेसेजला उत्तर अजून दिलेलं नाही.