घोटा फ्यूज करायचा की वाचवायचा

२००४ च्या पावसाळ्यात राजगडावरून गुंजवण्याच्या वाटेने उतरताना माझा उजवा घोटा मोडला होता, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि हाड किंचित वाकडं जुळलं, पण चालता येत होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, मी पण नाही. फक्त उजव्या चपलेची बाहेरची कड कायम आधी झिजायची.

मग चाळिशी ओलांडली आणि सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की आतल्या बाजूला असं दुखायचं की भिंत धरून बाथरूमपर्यंत जायचे. मला वाटायचं झीज म्हणजे म्हातारपणात आणि तीही गुडघ्याची. पण घोट्याचं वेगळं असतं, तिथला संधिवात बहुतेकांना जुन्या फ्रॅक्चरमुळे नाहीतर सारख्या मुरगळण्यामुळे होतो, म्हणून तो कमी वयातच गाठतो. पहिल्या डॉक्टरांनी झोपवून काढलेला एक्स-रे बघितला आणि म्हणाले, सांधा फ्यूज करू, म्हणजे त्यातली हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकू. दुखणं जाईल हे खरं, पण घोटा वरखाली हलणार नाही, उकिडवं बसणं संपलं. मी घरी येऊन खूप रडले.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी उभं राहून एक्स-रे काढायला लावला, दोन्ही पायांवर वजन देऊन, आणि त्यात सगळं स्पष्ट दिसलं, नडगीचं हाड खाली आतल्या बाजूला कललेलं, त्यामुळे सगळा भार सांध्याच्या आतल्या कोपऱ्यावर, तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, संपलेली पण बाहेरच्या बाजूची बरीचशी शाबूत! म्हणजे अर्धा सांधा चांगला होता हो, आणि आपण तो कायमचा बंद करायला निघालो होतो.

त्यांनी ऑस्टिओटॉमी सुचवली. घोट्याच्या वर आतल्या बाजूने नडगी कापायची, फट उघडून त्यात कमरेच्या हाडाचं पाचर बसवायचं, वर प्लेट आणि स्क्रू. सांध्याला हात लावायचा नाही, फक्त भार चांगल्या बाजूकडे सरकवायचा. जपानमधल्या नारा इथल्या डॉ. ताकाकुरांनी १९९५ मध्ये या ऑपरेशनचे निकाल छापले होते, झिजेच्या पायऱ्याही त्यांच्याच नावाने ओळखतात. झीज घोट्यातल्या हाडाच्या वरच्या घुमटासारख्या भागापर्यंत गेली असेल तर याचा फारसा उपयोग होत नाही, हेही डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आणि पुढे कधीतरी फ्यूजन लागू शकतं हेही. मला ते चाललं. दहा वर्षं मिळाली तरी माझी आहेत ती.

सोपं अजिबात नव्हतं. आठ आठवडे पाय टेकवायचा नाही, वॉकर, आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, आणि पाचर काढलेली कमर पहिले काही दिवस पायापेक्षा जास्त ठणकत होती. सासूबाईंनी तेव्हा जे केलं त्यावर वेगळं लिहीन.

आता अकरा महिने झालेत. लांब चाललं की सूज येते, थंडीत प्लेटच्या जागी टोचतं. पण परवा अंगणात उकिडवं बसून कुंडीतली माती बदलली, टाचा पूर्ण टेकत नाहीत, तरी बसले. पुढच्या महिन्यात परत दाखवायला जायचंय, उभं राहून काढलेला एक्स-रे घेऊन.