करडांचे अचानक मृत्यू : कारणाचा शोध आणि आतापर्यंतची प्रगती

या विणीतील करडे दूध सोडण्याच्या वयाला येत असताना त्यांपैकी काही करडे आजारपणाचे कोणतेही चिन्ह न दाखवता दगावली होती आणि मागील नोंदीत केवळ तेवढीच घटना लिहिता आली होती. आता शवविच्छेदनाचा व प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला आहे, कळपाच्या व्यवस्थेत काही बदल केले आहेत आणि त्यांचा परिणामही दिसू लागला आहे, म्हणून ही सविस्तर नोंद लिहीत आहे.

पहिले करडू संध्याकाळी गव्हाणीवर इतरांना ढुशा देऊन खात होते आणि पहाटे ते मेलेले आढळले. त्याची मान पाठीकडे ओढलेली होती, पाय ताठ होते आणि चारही खुरांखालचा भुसा अर्धवर्तुळाकार खरवडला जाऊन खालची जमीन उघडी पडली होती. अशक्तपणाने हळूहळू विझणारा जीव अशा खुणा ठेवत नाही. मरण्यापूर्वी त्याला झटके येत होते आणि ते बराच वेळ पाय झाडत होते, हे त्या भुशावरून स्पष्ट वाचता आले. त्यानंतरचे एक करडू मात्र जिवंत असताना पाहता आले. ते मोठ्याने कण्हत होते, पुन्हा पुन्हा खाली बसून उठत होते, त्याला ताप नव्हता आणि पाण्यासारख्या विष्ठेतून शेंब व रक्ताच्या बारीक फिती पडत होत्या. पशुवैद्यकांनी शिरेतून सलाईन, प्रतिजैविक व वेदनाशामक दिले, तरीही ते त्याच दिवशी गेले. मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की मेलेली सर्व करडे त्यांच्या बरोबरीच्यांमध्ये वजनाने पुढे होती. जंतांनी किंवा कुपोषणाने करडे जातात तेव्हा बहुधा किडकिडीत करडे आधी जातात, इथे त्याच्या नेमके उलटे घडत होते.

करडांच्या बाबतीत वय हा पहिला धागा धरावा, असे माझे ठाम मत झाले आहे. जन्मानंतर 3 ते 10 दिवसांत आधी धडधाकट असलेले करडू एकाएकी लुळे पडते, तेव्हा रक्तातील आम्लता वाढण्याचा विचार करावा लागतो. आमची करडे ते वय ओलांडून गेली होती. नाळेतून शिरणारा संसर्ग आणि चीक कमी मिळाल्याने येणारा अशक्तपणा हेही मुख्यतः पहिल्या काही दिवसांचे व आठवड्यांचे प्रश्न आहेत. सर्वांत दाट संशय कॉक्सिडिओसिसचा, म्हणजे रक्ती हगवणीचा होता, कारण आयमेरिया हा परजीवी दूध तोडण्याच्या सुमारासच जोर धरतो आणि आतड्याचे अस्तर फाडून बाहेर पडणाऱ्या त्याच्या अवस्था विष्ठेत अंडी दिसण्यापूर्वीच हगवण घडवू शकतात. म्हणून विष्ठेची एकच तपासणी कोरी आली, एवढ्यावर हा रोग नाकारता येत नाही. आम्ही मेलेल्या करडांच्या सोबत्यांची विष्ठा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा तपासली आणि अंड्यांचे प्रमाण किरकोळ निघाले. खालची पापणी उलटून पाहिली असता आतला रंग गडद गुलाबी होता, त्यामुळे रक्त शोषणाऱ्या हिमाँकस जंताने आलेला पांडुरोगही बाजूला पडला. सेलेनियमच्या कमतरतेत हृदयाचा स्नायू निकामी होऊन धावता धावता करडू कोसळते, ही शक्यता मात्र शव उघडेपर्यंत मनात राहिली.

शवविच्छेदनाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथेच सर्वाधिक काही हाती लागले. क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणू मृत्यूनंतर झपाट्याने वाढतात आणि आतडी तासागणिक सडत जातात, म्हणून शव सावलीत गार ठेवून शक्य तितक्या लवकर तपासणीला पोहोचवावे. संपूर्ण शव मात्र गोठवू नये, कारण बर्फामुळे पेशी फुटून सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर शवाला सुरीच लावू नये, कारण तो फाशी रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो.

आमच्या करडाचे हृदयावरण उघडले तेव्हा आत पेंढ्याच्या रंगाचा द्रव होता आणि हवा लागताच तो जेलीसारखा थिजला. हृदयाच्या स्नायूवर फिकट पट्टे नव्हते, त्यामुळे सेलेनियमच्या कमतरतेची शक्यता मागे पडली. मोठे आतडे लालभडक सुजलेले होते आणि त्याच्या आतील बाजूला फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या तंतुमय प्रथिनाचे, पापुद्रे चिकटलेले होते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू निरोगी आतड्यातही थोड्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो नुसता सापडण्याला पुरावा मानत नाहीत. लगेच थंड केलेल्या आतड्यातील द्रवात या जिवाणूचे एप्सिलॉन नावाचे विष सापडले आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांभोवती प्रथिनयुक्त द्रव पाझरलेला दिसला, तेव्हा या जिवाणूच्या ‘ड’ प्रकाराने होणाऱ्या आंत्रविषाराचे, म्हणजे आतड्यात तयार झालेले विष अंगात भिनण्याच्या रोगाचे, निदान पक्के झाले.

सशक्त करडेच का गेली, याचे उत्तर या रोगाच्या कार्यपद्धतीत आहे. भरपूर धान्य किंवा दूध एकदम पोटात गेले की न पचलेला स्टार्च किंवा साखर लहान आतड्यात उतरते, जिवाणूंना आयते खाद्य मिळते आणि त्यांची संख्या भराभर वाढते. ते विषाचे निष्क्रिय रूप सोडतात आणि आतड्यातील ट्रिप्सिन हा पाचक रस त्याला जहाल बनवते. हे विष रक्तात शिरले की रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि फुफ्फुसांना व मेंदूला सूज येते. गव्हाणीवर जे करडू दुसऱ्यांना ढकलून दुप्पट खुराक खाते आणि वर आईचे दूधही पोटभर पिते, तेच या साखळीत सर्वांत आधी सापडते. लक्षणे दिसेपर्यंत विष आपले काम करून बसलेले असल्याने उपचारांना फारच थोडा अवधी मिळतो, म्हणून सारा भर प्रतिबंधावर द्यावा लागतो.

त्यानुसार खुराक एका मोठ्या गव्हाणीऐवजी अनेक छोट्या गव्हाणींत, दिवसातून अनेक वेळा आणि वाळलेला चारा खाऊन झाल्यानंतरच देण्यास सुरुवात केली आहे. खुराकातील वाढ आता आठवड्यांच्या हिशेबाने होते आणि अंगाने मोठी करडे वेगळ्या कप्प्यात खातात. आंत्रविषाराविरुद्धच्या लसीकरणाचे वेळापत्रक पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नव्याने आखले आहे. गाभण शेळ्यांना विण्यापूर्वी सुमारे 4 आठवडे मात्रा मिळेल, म्हणजे चिकातून करडांना संरक्षण जाईल. करडांना 6 ते 8 आठवड्यांच्या वयात पहिली आणि त्यानंतर 3 ते 4 आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली जाईल. मेंढ्यांच्या तुलनेत शेळ्यांमध्ये या लसीचे संरक्षण कमी काळ टिकते, म्हणून वर्षातून एकदाच लस देणे मला अपुरे वाटते आणि आम्ही दर 6 महिन्यांनी मात्रा देण्याचे ठरवले आहे.

हे बदल झाल्यापासून एकही करडू दगावलेले नाही. एका करडाला मध्यंतरी पातळ हगवण लागली. त्याचा खुराक तत्काळ बंद करून केवळ वाळलेला चारा व पाणी ठेवले, तापमान नेहमीच्या 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले आणि ते सावरले. त्याच्या विष्ठेत आयमेरियाची अंडी मात्र आधीपेक्षा बरीच वाढलेली आढळली, त्यामुळे त्या कप्प्यातील ओलसर भुसा पूर्ण काढून पाण्याची भांडी जमिनीपासून उंच बसवली आहेत. संपूर्ण कप्प्याला औषध द्यायचे की नाही, हे दुसऱ्या तपासणीचे आकडे आल्यावर ठरेल. दरम्यान लसीची दुसरी मात्रा शिल्लक असलेल्या करडांचा खुराक आहे तिथेच थांबवून ठेवला आहे.